‘अमरावती’ हे नाव बौद्ध आहे का? गावाची नावे, खुणा आणि आपला पुरावा

१४ एप्रिल किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. वर एका भव्य स्तूपाचे चित्र आणि खाली मजकूर : अमरावती हे प्राचीन बौद्ध नगर होते, म्हणूनच त्याचे नाव अमरावती. राजापेठ, फ्रेजरपुरा, बडनेरा भागातली आपली मुले तो अभिमानाने पुढे पाठवतात. त्यांचा अभिमान खोटा नाही. मेसेज मात्र चुकीचा आहे. ते चित्र आंध्र प्रदेशातल्या अमरावतीचे आहे, वऱ्हाडातल्या नव्हे.

‘असू द्या, आपल्याच बाजूचे आहे ना!’ असे काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. समोरचा माणूस गुगलवर दोन मिनिटांत ही चूक शोधतो आणि मग आपल्या खऱ्या इतिहासालाही ‘फॉरवर्ड’ म्हणून हसतो. म्हणून गावाचे नाव कुठून आले हे कसे तपासायचे, शहरातल्या खुणा काय सांगतात आणि या शहरावर आपला हक्क नेमका कशाच्या आधारे सांगायचा, हे एकदा नीट समजून घेऊ.

दोन अमरावती

आंध्रची अमरावती कृष्णा नदीच्या काठी आहे. तिथला महास्तूप जगप्रसिद्ध आहे. त्याची शिल्पे आज चेन्नईच्या संग्रहालयात आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण गंमत अशी की, त्या काळातल्या शिलालेखांत त्या नगराचे नाव अमरावती असे नाहीच. ते आहे धान्यकटक. अमरावती हे नाव तिथल्या अमरेश्वराच्या देवळाशी जोडलेले आहे आणि ते पुढच्या काळातले आहे.

म्हणजे जिथे स्तूप प्रत्यक्ष उभा होता, तिथेही ‘अमरावती’ या शब्दाने बौद्ध वारसा सिद्ध होत नाही. तो सिद्ध होतो स्तूपाच्या दगडांनी आणि त्यावरच्या लेखांनी. मग केवळ तेच नाव आहे म्हणून आपल्या अमरावतीत तो कसा सिद्ध होईल?

उंबर, अंबा की इंद्र?

आपल्या शहराच्या नावाच्या तीन कथा प्रचलित आहेत. पहिली उंबराची. या भागात उंबराची झाडे खूप होती, म्हणून उदुंबरावती. त्याचे उंबरावती, उमरावती आणि शेवटी अमरावती झाले. दुसरी कथा अंबादेवीची : अंबेचे गाव ते अमरावती. याच देवळातून श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले असे लोक सांगतात, आणि तीच कथा वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुरातही सांगितली जाते. तिसरी कथा इंद्राच्या राजधानीची, कारण पुराणात स्वर्गातल्या नगरीचे नाव अमरावती आहे.

या तिन्ही कथा तपासायची साधी पद्धत आहे. नावाचे जुने रूप काय होते ते आधी बघायचे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदपत्रांत आपल्या शहराचे नाव ‘ऊमरावती’ असा उच्चार होईल अशा स्पेलिंगने येते. मुंबई आणि लिव्हरपूलच्या कापूस बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. दलाल मालाला नाव देताना पुराण उघडून बसत नाही, कानावर पडेल तेच लिहितो. त्याच्या कानावर ‘उ’ पडत होता. आजही खेड्यातली म्हातारी माणसे ‘उमरावती’ म्हणतात. त्यामुळे उंबराची कथा भाषेच्या दृष्टीने जास्त पटते. इंद्राच्या नगरीचे नाव नंतरच्या काळात चढवलेल्या दागिन्यासारखे वाटते.

इथे आपल्यापैकी कुणी म्हणेल, उदुंबर तर कोनागमन बुद्धांचा बोधिवृक्ष! पाली परंपरेत तसे सांगितले आहे, हे खरे. पण उंबराखाली दत्तही बसवलेला आहे, आणि उंबर नाल्याच्या काठी कुणाचीही परवानगी न घेता उगवतो. गावाला झाडाचे नाव पडणे ही महाराष्ट्रातली सगळ्यात साधी गोष्ट आहे. वडगाव, पिंपळगाव, बाभूळगाव, चिंचोली ही गावे आपल्या आजूबाजूलाच आहेत. झाडाच्या नावावरून धर्म काढायचा मोह आवरला पाहिजे. इतरांनी तो मोह केला तर आपण टीका करतो, मग तोच नियम आपल्यालाही लागू होतो.

प्राचीन पुरावा हवा असेल तर भोनला जा

याचा अर्थ वऱ्हाडात बुद्ध नव्हते असा नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी भोन नावाचे गाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. जमिनीखालून भाजक्या विटांचा स्तूप निघाला. त्याचा काळ इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. म्हणजे सम्राट अशोकाच्या काळाच्या जवळपास आपल्या पूर्णाकाठी स्तूप उभा होता.

‘भोन’ या नावात बुद्ध, धम्म, संघ यांपैकी काहीच ऐकू येत नाही. तरी पुरावा तिथे आहे. आणि ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. ज्या स्तूपाशी आपला संबंध नाही त्याचे चित्र आपण हजार वेळा फॉरवर्ड करतो आणि जो स्तूप आपल्या नदीकाठी आहे, पाण्याखाली जाऊ शकतो, त्याचे नावही आपल्या तरुणांना माहीत नसते. चुकीच्या इतिहासाचे खरे नुकसान हे असे होते. तो खऱ्या इतिहासाची जागा अडवून बसतो.

नावाचे शेपूट बघा

शहराच्या मोठ्या नावाची चर्चा सगळे करतात. पण शहराचा सामाजिक इतिहास लहान नावांत असतो. राजापेठ म्हटले की ‘राजा’ सगळ्यांना दिसतो, ‘पेठ’ कुणी बघत नाही. खरी माहिती मात्र त्या शेपटातच असते.

‘पेठ’ म्हणजे व्यापारासाठी वसवलेली वस्ती. राजापेठ आणि अंबापेठ या जुन्या परकोटाबाहेरच्या पेठा. ‘पुरा’ म्हणजे बहुधा एखाद्या समूहाची किंवा धंद्याची वस्ती : महाजनपुरा, गवळीपुरा, साबणपुरा. ‘बुधवारा’ सांगतो की इथे बुधवारचा बाजार भरायचा. ‘कॅम्प’ म्हणजे इंग्रज साहेबांची वस्ती. ‘नाका’ म्हणजे जकातीची जागा. शेगाव नाका, कठोरा नाका म्हणताना आपण जुन्या शहराची हद्दच सांगत असतो. आणि ‘नगर’, ‘कॉलनी’ आले की समजायचे, ही वस्ती बहुतेक स्वातंत्र्यानंतरची. एवढे लक्षात ठेवले तर ऑटोतून राजापेठहून शेगाव नाक्यापर्यंत जाताना दीड-दोनशे वर्षांचा इतिहास पाट्यांवर वाचता येतो.

आता परकोट. निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये त्याचे काम सुरू झाले. पेंढाऱ्यांपासून शहरातल्या धनवान व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून तो बांधला, असे गॅझेटियर स्पष्ट लिहिते. उंची २० ते २६ फूट, घेर सव्वादोन मैल, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. नागपूरकडे तोंड तो नागपुरी गेट, खोलापूरकडे तोंड तो खोलापुरी गेट, देवीकडे जाणारा अंबागेट. एका खिडकीचे नाव खुनारी खिडकी, कारण तिच्याजवळ झालेल्या मारामारीत शेकडो माणसे मेली. जवाहरगेटचे नाव सरळच सांगते की ते राष्ट्रीय चळवळीच्या काळातले किंवा त्यानंतरचे आहे. दरवाजे जुने असले तरी नावे बदलत राहतात.

या नावांत व्यापारी आहेत, देवी आहे, गावे आहेत, पुढारी आहेत. ज्यांनी हे दगड फोडले, वाहिले आणि रचले त्यांचे नाव एकाही दरवाजाला नाही. समाजशास्त्रात आम्हाला शिकवले गेले की नकाशा कधी तटस्थ नसतो. अमरावतीचा परकोट बघितला की ते पटते.

पुढे कापूस आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस लिव्हरपूलला जाणे जवळपास थांबले आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबई-नागपूर रेल्वे बडनेऱ्यावरून गेली, तेव्हा बडनेरा ते अमरावती असा छोटा फाटाही टाकला गेला. तोच आज राजापेठच्या वस्तीतून जातो. या काळात शहराच्या आकाशात देवळाच्या कळसाबरोबर जिनिंग-प्रेसिंगची धुराडी दिसू लागली. त्या धुराड्यांखाली सरकी वेगळी करणाऱ्या आणि गाठी बांधणाऱ्या मजुरांत आपल्या समाजातले स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने होते. गावकीच्या कामाऐवजी रोख मजुरी मिळू लागली आणि शहराभोवती आपल्या वस्त्या वाढल्या. लिव्हरपूलला ‘ऊमरा’ म्हणून जी गाठ पोचली, तिच्यावर आपल्याही पणज्यांचा हात फिरलेला आहे.

जिच्यावरून गावाचे नाव सांगतात, तिचे दार

अंबादेवीवरून अमरावती हे नाव पडले, हे मत आपण क्षणभर मान्य करू. मग पुढचा प्रश्न येतो : जिच्यावरून अख्ख्या गावाचे नाव, तिच्या देवळात अख्ख्या गावाला प्रवेश होता का?

नव्हता. आणि अमरावतीचा आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा इतिहास इथे सुरू होतो. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी वऱ्हाडातल्या अस्पृश्य समाजाने अंबादेवी मंदिर प्रवेशाचा प्रश्न हाती घेतला. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. याच परिषदेच्या काळात बाबासाहेबांना त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी तारेने कळली. त्या दुःखातही परिषदेचे काम थांबले नाही. मंदिराच्या पंचांशी बोलणी करायला वेळ मिळावा म्हणून सत्याग्रह पुढे ढकलण्याचा निर्णय झाला. मंदिर सर्वांना खुले व्हावे या बाजूने शहरात जे उभे राहिले त्यांत डॉ. पंजाबराव देशमुख हे मोठे नाव होते.

या तारखेच्या मागेपुढे बघा. अमरावतीची परिषद महाडच्या दोन टप्प्यांच्या मधे येते. तिच्यानंतर दीडच महिन्याने, २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर १९२९ ला पुण्याची पर्वती, १९३० ला नाशिकचा काळाराम आणि १९३५ ला येवल्याची घोषणा. मंदिरप्रवेशाच्या लढ्यापासून धर्मांतराच्या निर्णयापर्यंतच्या वाटेवर अमरावती हा सुरुवातीचा टप्पा आहे. हा इतिहास दोन हजार वर्षे जुना नाही, शंभरही वर्षांचा नाही. पण त्याची तारीख आहे, जागा आहे, अध्यक्ष आहे, विषय आहे. कुणीही तो दोन मिनिटांत खोटा पाडू शकत नाही.

आजच्या खुणा : चौक, टेकड्या, पूल

शहरात पत्ता सांगताना लोक कशाचा आधार घेतात ते बघा, कोणाच्या खुणा लोकांच्या मनात बसल्या आहेत ते कळते. अमरावतीत इर्विन चौक आहे. जिल्हा रुग्णालयाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनचे नाव होते, त्यावरून चौकही इर्विन. आज त्याच चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिल, ६ डिसेंबरला सगळे शहर तिथे लोटते. पाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चौक, ऑटोवाल्याच्या तोंडी इर्विन. आपल्याच मोर्चाच्या पत्रकातही ‘इर्विन चौकात जमावे’ असे छापले जाते. तोंडचे नाव पाटी लावून बदलत नाही. आपण स्वतः ते रोज वापरले तरच बदलते. अकोल्यात हे झाले आहे. तिथे ‘अशोक वाटिका’ म्हटले की कुणाला रामायण आठवत नाही, बुद्ध आणि बाबासाहेबच आठवतात, कारण समाजाने ती जागा वापरून वापरून आपली केली.

फ्रेजरपुरा हेही एका इंग्रजी आडनावावरून आलेले नाव. पण त्या नावाला आज वेगळाच अर्थ आहे. मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झालेले, त्या पदावरचे पहिले बौद्ध, न्यायमूर्ती भूषण गवई यांचे बालपण याच वस्तीत गेले. नाव तेच राहिले, अर्थ वस्तीतल्या माणसांनी बदलला.

उंचावरच्या खुणांचे राजकारणही समजून घ्यायला हवे. जुन्या मालटेकडीवर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा आहे आणि लोक तिला शिवटेकडी म्हणू लागले. बेनोडा भागात भीमटेकडी आहे. दोन टेकड्या, दोन महापुरुष, आणि दोघांचाही वारसा एकमेकांशी जोडलेला. जानेवारी २०२२ मध्ये मात्र राजापेठच्या उड्डाणपुलावर परवानगी नसताना महाराजांचा पुतळा बसवला गेला, महापालिकेने तो काढला आणि शहर तापले. पुलावरचा पुतळा खालून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, म्हणून त्या जागेसाठी ओढाताण होते. अशा वेळी आपल्या तरुणांनी कुणाच्या बाजूने दगड उचलण्याआधी एक प्रश्न विचारावा : या पुतळ्याने वस्तीत पाणी, शाळा, अभ्यासिका येणार आहे का? महापुरुषांचा मान कायद्याच्या चौकटीत राखता येतो, हे तर बाबासाहेबांच्या अनुयायांना कुणी सांगायला नको.

वस्तीचे नाव बदला, पण नोंद ठेवा

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने महत्त्वाचा निर्णय घेतला. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायची. हा निर्णय आपल्या हिताचा आहे. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर, बँकेच्या कागदावर, नोकरीच्या अर्जावर पत्ता म्हणून जात का लिहायची? ज्या गावात हे अजून झाले नसेल तिथे ग्रामसभेत ठराव मांडा, शहरात नगरसेवक आणि पालिकेकडे लेखी मागणी करा, आणि पोच घ्या.

पण एक काम त्याआधी करा. जुने नाव, वस्तीची जागा, विहीर कुठे होती, ती कुणाची होती, गावाच्या कोणत्या दिशेला आपल्याला बसवले होते, हे सगळे लिहून ठेवा. नाव बदलले पाहिजे ते अपमान संपावा म्हणून. अन्यायाचा पुरावा पुसला जावा म्हणून नव्हे. उद्या कुणी म्हणाले की आमच्या गावात कधी भेदभाव नव्हताच, तर दाखवायला आपल्याकडे काय असेल?

हे काम आपल्या तरुणांना नवे नाही. जात पडताळणीसाठी आजोबांचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा आपण तहसीलच्या चकरा मारून काढतोच. तेच कागद या वेळी वस्तीचा इतिहास म्हणून वाचा. त्यात वस्तीचे जुने नाव, व्यवसाय, शेजारची आडनावे सापडतात. शहरासाठी नगर भूमापनाचे नकाशे आहेत. १९११ चे अमरावती जिल्हा गॅझेटियर आणि १९६८ ची सुधारित आवृत्ती आहे. मात्र गॅझेटियर वाचताना लक्षात ठेवा, ते साहेबाच्या आणि त्याला माहिती देणाऱ्या वरच्या जातींच्या नजरेतून लिहिलेले आहे. म्हणून त्याच्या जोडीला वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करा. १९५६ नंतर गावात काय बदलले, देव्हाऱ्यातले देव कुठे सोडले, पहिले विहार कुणाच्या वाड्यात सुरू झाले, हे त्यांच्याशिवाय कुठेच लिहिलेले नाही, आणि ही पिढी दरवर्षी कमी होत आहे.

एखाद्या नावाबद्दल दावा आला तर तीन प्रश्न विचारा. नावाचे सगळ्यात जुने लिखित रूप काय? जमिनीवर किंवा जमिनीखाली त्याला आधार काय? आणि ही कथा सांगून कुणाला काय मिळते? तिसरा प्रश्न आपल्या बाजूच्या मेसेजलाही विचारायचा. कुणीतरी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा, ही कालाम सुत्ताची शिकवण आहे. ती फक्त दुसऱ्यांच्या पोथ्यांसाठी नाही.

तेव्हा ‘अमरावती हे नाव बौद्ध आहे का’ या प्रश्नाचे आमचे उत्तर सरळ आहे : नाही, ते बहुधा उंबराचे आहे. आणि त्याने आपले काही बिघडत नाही. या मातीतला स्तूप भोनला आहे, या शहरातला आपला लढा १३ नोव्हेंबर १९२७ च्या इंद्रभुवन थिएटरमध्ये आहे, आणि इथल्या कापसाच्या प्रत्येक गाठीत आपले श्रम आहेत. २०२७ मध्ये त्या परिषदेला शंभर वर्षे होतील. तोवर अमरावती जिल्ह्यातल्या प्रत्येक वस्तीने आपल्या नावाचे आणि खुणांचे निदान चार पानांचे टिपण तयार केले, तर शताब्दीच्या दिवशी मंडपापेक्षा मोठे काही उभे राहील. सुरुवात आपल्याच गल्लीच्या पाटीपासून करा.

जय भीम.